अंगण सरळच आहे

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे भाच्याचं, आणि खरं सांगायचं तर रागाचं. राग भाच्यावर नाही (ताई, घाबरू नकोस). राग एका समजुतीवर आहे. ती समजूत एके काळी माझ्याही डोक्यात घट्ट बसली होती. तिच्यापायी मी बरेच डॉलर घालवले, आणि त्याहून बरंच काही घालवता घालवता राहिलो.

तर झालं असं. गेल्या रविवारी भाच्याचा ऑस्टिनहून फोन आला. पोरगा आता कमावता आहे. मागच्या वर्षी त्याने टोयोटाची जीआर ८६ घेतली. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी सांगतो: बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. २.४ लिटरचं इंजिन, २२८ हॉर्सपॉवर, वजन तेराशे किलोच्या आसपास, आणि इंजिनाची ताकद जाते मागच्या चाकांना. मागे दोन सीटं आहेत म्हणतात, पण त्यांवर माणूस बसत नाही, फक्त लॅपटॉपची बॅग बसते.

"मामा, टर्बो बसवायचं म्हणतोय. किट, मजुरी, ट्यूनिंग सगळं धरून सहा हजार डॉलर. गाडी जरा कमी पडतेय."

"कुठे कमी पडतेय?"

"म्हणजे... वळणातून बाहेर पडताना ओढ नाही मिळत."

"वळणात शिरताना किती वेग असतो तुझा?"

फोनवर शांतता.

"कुठे बघत असतोस शिरताना?"

पुन्हा शांतता. मग म्हणाला, "मामा, तू ना, आजोबांसारखं बोलायला लागलायस."

त्याला वाटलं तो मला टोमणा मारतोय. मला मात्र इतकं बरं वाटलं की पुढचं सगळं भांडण फोनवर न करता इथे करायचं ठरवलं. इथे मला कोणी मध्येच तोडत नाही :)

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्याला गाडी आहे तशी पूर्ण चालवता येत नाही, त्याने तिची ताकद वाढवायला पैसे घालणं म्हणजे नाचता येईना म्हणून अंगण खोदून पुन्हा फरशी बसवून घेणं. अंगण सरळच आहे. आधी पाय बघा.

आता मी हे कोणत्या तोंडाने सांगतोय ते सांगतो, म्हणजे 'मामाला काय जातंय' असं कोणी म्हणायला नको.

२००८ साली मी इथे सॅन होजेमध्ये एक जुनी माझदा मियाटा घेतली. १९९९चं मॉडेल, १.८ लिटर, १४० हॉर्सपॉवर, वजन जेमतेम हजार किलोच्या वर. माझदाने ही गाडी १९८९मध्ये पहिल्यांदा आणली तेव्हा तर त्यात फक्त ११६ हॉर्सपॉवर होती. या गाडीबद्दल बोलताना माझदावाले एक जपानी शब्दप्रयोग वापरतात, 'जिन्बा इत्ताई'. घोडा आणि स्वार यांचं एक अंग होणं. आपल्याकडे त्याला मांड पक्की असणं म्हणतात. पण मला तेव्हा मांड वगैरे काही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं एवढंच, की शेजारच्या लेनमधली मिनीव्हॅन सिग्नलला माझ्या पुढे निघून जाते.

मग मी पार्ट घ्यायला लागलो. आधी 'कोल्ड एअर इन्टेक' घेतला. त्याने इंजिनाचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला आणि मला गाडी पळायला लागल्यासारखी वाटली. (कान हे माणसाचं सर्वांत भोळं इंद्रिय आहे. आवाज वाढला की वेग वाढला असं ते खुशाल मान्य करतं.) मग एक्झॉस्ट. मग खाली-वर करता येणारं सस्पेन्शन, जे मी अर्थातच खाली केलं, कारण खाली केलेली गाडी पार्किंगमध्ये चांगली दिसते. पुढे राज्याच्या धूर तपासणीला गाडी नेली, तेव्हा तपासणीवाल्याने बॉनेट उघडलं, इन्टेककडे बघितलं आणि बॉनेट बंद केलं. कॅलिफोर्नियात असा पार्ट लावायचा तर त्यावर एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. माझ्या पार्टवर तो नव्हता. झक मारत मूळचा डबा पुन्हा बसवला. गाडीच्या वेगात काडीचा फरक पडला नाही. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवा होतो. असो.

त्याच सुमाराला, २००९च्या सप्टेंबरात, अण्णा इथे आले.

नातेवाइकांना सांगायला नको, पण इतरांसाठी: आमचे अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट, उन्हाळा-पावसाळा. पहिली एस.टी. पुणे-नगर धावली ती १ जून १९४८ला, आणि अण्णा तिच्याबद्दल अशा आपुलकीने बोलायचे की ती त्यांनीच चालवली असावी असं आम्हा पोरांना वाटायचं. (तेव्हा ते स्वतः पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते.) घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम मी सायकल शिकायच्या आधी ऐकलेला आहे.

मियाटात बसायला अण्णांना त्रास झाला. बसल्यावर मी गाडी सुरू केली, एक्झॉस्ट गरजला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही नुसती वरडती, का पळती पण?"

ऑक्टोबरात पावसाळ्याचा पहिला मोठा पाऊस झाला. इथे उन्हाळाभर पाऊस नसतो, त्यामुळे रस्त्यावर महिनोन् महिने तेल आणि धूळ साचते आणि पहिल्या पावसात रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अशा दिवशी मी अण्णांना घेऊन हायवे ९वर गेलो. साराटोगाहून स्कायलाइनला चढणारा घाट आहे, दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं. म्हटलं, अण्णांना कुंभार्लीची आठवण येईल.

ती आली.

उतरताना एका उजव्या वळणात मी जरा जास्त वेगाने शिरलो. फार नाही, जरासाच. मधोमध लक्षात आलं, घाबरलो, आणि अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. पुढच्या क्षणी मागची चाकं सुटली. गाडी स्वतःभोवती फिरली, समोरची लेन ओलांडून डोंगराच्या बाजूच्या मातीत गेली आणि उलटं तोंड करून थांबली. समोरून कोणी येत नव्हतं. एवढंच माझं पुण्य. दुसरी बाजू दरीची होती.

मी स्टेअरिंग धरून बसून राहिलो. अण्णा मात्र दार उघडून बाहेर पडले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. पण ते वळणाच्या वरच्या टोकाला चालत गेले आणि गळ्यातला मफलर काढून हलवत उभे राहिले. मागून येणार्‍या गाडीला आम्ही त्या वळणात अडकलोय हे कळावं म्हणून. मला ते सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं असंही नाही. ते आपोआप झालं.

गाडी कडेला घेतल्यावर ते वाकून टायर बघायला लागले. नख दाबून बघितलं. "हे लाकूड झालंय की." मग माझ्याकडे वळून, "आणि मधेच पाय का काढलास? पाय काढायचा तो वळणाच्या आधी."

बास. दोन वाक्यं. नंतर घरी येऊन मी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीचे वाचा.) ३१०२. म्हणजे २००२च्या ऑगस्टचा टायर, सात वर्षं जुना, नक्षी शाबूत आणि रबर मेलेलं. इन्टेकला पैसे होते, एक्झॉस्टला पैसे होते. रस्त्याला प्रत्यक्ष टेकणार्‍या एकमेव वस्तूकडे मी बघितलंही नव्हतं. आणि मेलेल्या टायरवर बसून पाय चुकीच्या वेळी उचलणारा माणूस तर कोणत्याच दुकानात बदलून मिळत नव्हता.

पाय उचलल्यावर नेमकं काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. उभे प्रवासी भरलेल्या एस.टी.त ड्रायव्हरने ब्रेक दाबला की सगळे पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढे झुकतं. नुसता पाय काढला तरी झुकतं, फक्त कमी. पुढची चाकं दाबली जातात, मागची हलकी होतात. हलक्या चाकाची पकड कमी. सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही, पण वळणात मागच्या चाकांना तेव्हाच पकडीची गरज असते. घाबरून केलेली ही अगदी नैसर्गिक हालचाल गाडी फिरवून टाकते. यावर औषध म्हणून आजवर कोणी टर्बो विकलेला नाही.

भाचा म्हणेल, मामा, माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आहे, तुझ्या खटार्‍यात नव्हती. बरोबर. ती असावीच, आणि रस्त्यावर ती कधी बंद करू नये. पण ती यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक दाबून आणि इंजिनाची ताकद कमी करून गाडी सावरते. टायरमध्ये जेवढी पकड आहे तेवढीच ती वापरते. नसलेली पकड ती कुठून आणणार?

पुढे २०१०च्या वसंतात मी पहिल्यांदा ऑटोक्रॉसला गेलो. मोठ्या मोकळ्या पार्किंगच्या मैदानात नारिंगी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हे 'सोलो' नावाने देशभर भरवतो. एक फेरी साधारण मिनिटाची. बहुतेक वेळ दुसर्‍या गिअरमध्ये. एक शंकू पाडला की दोन सेकंद दंड. दिवसभर उन्हात उभं राहून, दुसर्‍यांनी पाडलेले शंकू उचलून, स्वतःच्या वाट्याला येतात जेमतेम पाच-सहा मिनिटं. बायकोने याला 'महाग सत्यनारायण' असं नाव ठेवलं होतं.

टायर मी तोवर नवे घातले होते. सस्पेन्शन होतंच. माझी सर्वांत चांगली फेरी ५८.४ सेकंद.

तिथे शिकवायला साठीच्या एक बाई होत्या. सरावाच्या फेरीत त्या म्हणाल्या, मी तुझी गाडी चालवून दाखवू का? मी बाजूला बसलो. म्हणजे गाडीत माझे ऐंशी किलो जास्तीचे. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा हलवला आणि निघाल्या. टायर किंचाळले नाहीत. मान झटकली नाही. स्टेअरिंग जणू त्या हळू फिरवत होत्या. मला वाटलं, आजी आपल्या रमतगमत चालल्यात.

५३.९.

तीच गाडी, तेच टायर, तोच मार्ग, तेच ऊन, आणि वर मी. साडेचार सेकंद. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार लाज नव्हता, हिशेब होता. साडेचार सेकंद विकत घ्यायला मला किती हॉर्सपॉवर लागल्या असत्या? एका मिनिटाच्या वळणावळणांच्या मार्गावर? शंभर जास्तीच्या मिळाल्या असत्या तरी मी त्या कुठे वापरणार होतो?

इथे थोडं गणित करू या. घाबरू नका, दहावीचं आहे. वळणात किती वेगाने जाता येईल हे टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या म्हणजे लागणारं त्वरण. वीस मीटर त्रिज्येचं वळण घेतलं आणि चांगल्या टायरची पकड गुरुत्वाकर्षणाइतकी धरली, तर सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर निघतात. यात हॉर्सपॉवर कुठे आली? आलीच नाही. २२८ असोत की ४००, त्या वळणात ५०च. आता माझ्यासारखा नवशिका पकडीतली ७० टक्केच वापरतो असं समजा. वेग पडतो ताशी ४२. म्हणजे वळणात ताशी आठ किलोमीटर मी घरी विसरून आलो, आणि ते आणायला दुकानात गेलो.

आता टर्बो लावून सरळ रस्त्याच्या शेवटी ९०ऐवजी १००ला पोचलात. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळजवळ पावपट जास्त. ज्याला ९०वर ब्रेक कुठे लावायचा आणि कसा सोडत जायचा हे नीट कळत नव्हतं, त्याला आपण १००वर नेऊन सोडलं. मग तो घाबरून खूप आधी ब्रेक लावतो, वळणात गरजेपेक्षा हळू शिरतो, आणि बाहेर पडताना म्हणतो: ओढ मिळत नाही! भाच्याच्या तक्रारीचं मूळ हे आहे. वळणाच्या आधी जे गमावलं ते वळणानंतर इंजिनाकडून भरून मागायचं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ताकद चूक झाकते. कमी ताकदीच्या गाडीत एखादं वळण बिघडलं की पुढच्या सगळ्या सरळ रस्त्यावर ते भोगावं लागतं, आणि घड्याळ ते सांगतं. जास्त ताकदीच्या गाडीत बिघडलेल्या वळणानंतर पाय दाबला की पाठीला धक्का बसतो, मन खूश होतं आणि चूक विसरली जाते. शिवाय दर दोन महिन्यांनी नवा पार्ट लावला की गाडीचा स्वभाव बदलतो. ओळख होते न होते तोच नवीन पाहुणा. अशाने मांड बसणार कधी?

बाईंनी मला काय शिकवलं? ऐकलंत तर हसाल. एक, पुढच्या शंकूकडे बघू नकोस, त्याच्या पुढच्या दोन शंकूंकडे बघ. गाडी डोळ्यांच्या मागे जाते. दोन, ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी, आणि सोडताना हळू. तीन, हात कमी हलव. बस. त्या वर्षी मी बारा वेळा गेलो. मार्ग दर वेळी नवा आखतात, त्यामुळे स्वतःच्या जुन्या वेळेशी तुलना होत नाही. त्याच दिवशीच्या दुसर्‍याशीच करावी लागते. बाईंची स्वतःची मियाटा जवळपास माझ्यासारखीच होती. वर्षाअखेरीस माझ्या-त्यांच्यातलं अंतर दीड सेकंदावर आलं होतं. त्या वर्षी गाडीवर मी फक्त टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेकचं तेल एवढाच खर्च केला.

आणि हो, 'पाय वळणाच्या आधी काढायचा' हे बाईंच्या तोंडून इंग्रजीत ऐकलं तेव्हा मी हेल्मेटच्या आत एकटाच हसलो होतो.

आता समोरची बाजू. ती मांडल्याशिवाय भांडणात मजा नाही.

पहिला आक्षेप: "फॉर्म्युला वनमध्ये गाडीच जिंकते." खरं आहे. ११ एप्रिल १९९३ला डॉनिंग्टनच्या पावसात आयर्टन सेन्ना पहिल्याच फेरीत पाचव्या क्रमांकावरून पहिल्यावर आला. त्याच्या मॅकलॅरनमधलं फोर्ड इंजिन विल्यम्सच्या रेनॉ इंजिनापेक्षा कमी ताकदीचं होतं. माझ्या बाजूने हे उदाहरण देऊन मी सुटू शकलो असतो. पण त्याच वर्षीचं विजेतेपद अॅलन प्रोस्टने घेतलं, विल्यम्समध्ये बसून. वर्षभराच्या हिशेबात गाडी भारी पडली. मान्य. पण का? कारण तिथे बसलेले सगळेच जण गाडीतला शेवटचा थेंब पिळून घेणारे आहेत. माणसं जवळजवळ सारखी झाली की मग यंत्रातला फरक उरतो. तू आणि मी त्या रांगेत नाही. आपल्या गाडीत अजून अर्धी घागर शिल्लक आहे आणि आपण विहीर खोदायला निघालोय.

दुसरा आक्षेप: "मग टायर घेतलेस ते पार्ट नव्हते का?" होते, आणि तेवढे घ्यायलाच हवेत. मी पैसे खर्च करण्याविरुद्ध नाही, क्रमाविरुद्ध आहे. टायर, ब्रेक पॅड, ब्रेकचं तेल, चाकांचं अलाइनमेंट हे गाडी धडधाकट ठेवण्यात मोडतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो १५५पर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. ज्याने गाडी घेतल्यापासून हे तेल बदललेलं नाही आणि जो टर्बोचे फोटो बघत बसलाय, त्याच्याशी मी काय बोलू? मात्र सुरुवातीलाच शर्यतीचे अतिचिकट टायर नकोत. साधा टायर सुटण्याआधी कुरकुरतो, सांगतो. चिकट टायर बराच वेळ गप्प असतो आणि मग एकदम सोडतो. शिकाऊ माणसाला बोलका टायर हवा.

तिसरा आक्षेप, आणि हाच खरा: "माझा पैसा, माझी हौस." कबूल! शनिवारी गॅरेजमध्ये पान्हे घेऊन बसण्यात जे सुख आहे ते मलाही माहीत आहे. ज्याला यंत्राचाच नाद आहे त्याने जरूर टर्बो बसवावा, स्वतःच्या हाताने बसवावा, हात काळे करावेत. तीही विद्याच आहे. माझा राग आहे तो 'गाडी कमी पडतेय' या वाक्यावर. हौस आहे म्हण, मी टाळ्या वाजवीन. गरज आहे म्हणू नकोस.

मग आपण सगळे हेच का करतो? कारण पार्टची पावती मिळते, कौशल्याची मिळत नाही. पार्टचा फोटो काढता येतो. पार्ट घ्यायला कोणापुढे नवशिका व्हावं लागत नाही, साठीच्या बाईंकडून साडेचार सेकंदांनी हरावं लागत नाही. परीक्षेच्या आधी नवनीतची गाइडं आणून त्यांना कव्हरं घालण्यात आपण किती संध्याकाळी घालवल्यात आठवा. कव्हरं घालून झाली की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. आमच्या घरातल्या ट्रेडमिलवर आत्ता या क्षणी दोन टॉवेल वाळत आहेत. त्यामुळे मी कोणाला हसत नाहीये.

पण ट्रेडमिल कोणाला दरीत घेऊन जात नाही. गाडी नेते. हायवे ९वर सायकलवाले असतात, समोरून येणारी कुटुंबं असतात. जास्त ताकद आणि तेवढंच कौशल्य घेऊन रस्त्यावर उतरणारा माणूस फक्त स्वतःच्या पैशांशी खेळत नसतो. म्हणून हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही असं मला वाटतं.

तर भाच्या, तुझे सहा हजार. माझ्या अंदाजाने असा हिशेब कर. चांगले टायर नऊशे. पॅड आणि ब्रेकचं तेल चारशे. अलाइनमेंट दोनशे. हेल्मेट चारशे. ऑटोक्रॉसचे पंचवीस दिवस, दिवसाला सत्तर धरून साडेसतराशे. झाले छत्तीसशे पन्नास. उरलेल्या साडेतेवीसशेमध्ये ट्रॅकवरचं दोन दिवसांचं ड्रायव्हिंगचं शिक्षण घे. (जायच्या आधी विम्याचे कागद वाच, ट्रॅकवरचं नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा येत नाही.) दोन वर्षांनी तुझ्याकडे तीच गाडी असेल आणि चालवणारा बदललेला असेल. पुढे गाडी विकलीस तरी हे तुझ्याकडेच राहील. टर्बो मात्र गाडीबरोबर जाईल.

आणि नुसता उपदेश नको म्हणून एक पैज. पंचवीस दिवस पूर्ण कर. तुझ्याच वर्गातल्या, तुझ्यासारख्याच गाडीतल्या सर्वांत जलद माणसाच्या एका सेकंदाच्या आत आलास आणि तरीही टर्बो हवासा वाटला, तर अर्धे पैसे माझे. इथे सगळ्यांसमोर लिहून देतोय. पहिल्या दिवशी मी स्वतः विमानाने येतो. तुझ्या बाजूला बसेन, म्हणजे माझ्या ऐंशी किलोंची (आता ब्याऐंशी) सबब तुला मिळेल.

अण्णा २०१८ साली गेले. त्यांचा विनाअपघात सेवेचा बिल्ला ताईकडे आहे, तो तू लहानपणी शर्टाला लावून घरभर फिरायचास. त्या बिल्ल्याच्या मागे किती हॉर्सपॉवर होत्या हे तुझ्या आजोबांना कोणी विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

ता.क. ताई, त्याला ओरडू नकोस. पण त्याला फोन केलास की गाडीच्या टायरवरचे चार आकडे तेवढे विचारून घे आणि मला कळव.